लक्ष, आठवण आणि हातपाय: एका वेळी दोन कामं करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंडा परिसरात घरोघरी जाऊन मी फिजिओथेरपी करते. व्यायाम राहतो बाजूला, लोक विचारतात ते विसरण्याबद्दल, पडण्याबद्दल आणि मुलांच्या मोबाइलबद्दल. हे तीन वेगळे विषय वाटतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच हिशेब आहे: लक्ष किती आहे, ते कुठे खर्ची पडतंय आणि शरीराला काय पाठ झालंय. काही प्रयोग घरी करण्यासारखे आहेत, ते वाचता वाचता करून बघा.

एका वेळी दोन कामं खरंच होतात का?

होतात. मात्र त्यातल्या एकाच कामाला विचार लागत असेल तरच.

चवथीला घुमट वाजवणाऱ्याकडे नीट पाहा. मातीच्या घुमटाच्या मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, त्यावर उजव्या हाताची बोटं. मागच्या लहान तोंडावर डावा पंजा उघडझाप करतोय, त्यासरशी नाद खालीवर होतोय. कान शेजारच्या शामेळाच्या ढोलावर आणि कासाळ्याच्या झांजेवर, आणि वर गळ्यातून आरती. चार-पाच कामं एकदम चालली आहेत असं वाटतं. आता मध्येच त्याच्या कानाशी लागून कुणी विचारलं, ‘उद्या जेवायला किती जण रे?’, तर बोटं थांबणार नाहीत. आरतीचे शब्द मात्र अडखळतील, किंवा तो कडवं संपेपर्यंत उत्तरच देणार नाही.

ठेका त्याच्या हातात बसलेला आहे. प्रश्नाला मात्र उत्तर निवडावं लागतं, आणि निवडण्याची जागा मेंदूत फार चिंचोळी आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ वेल्फर्ड यांनी १९५२ मध्ये हे मांडलं. दोन खुणा पाठोपाठ आल्या आणि दोन्हींना वेगवेगळा प्रतिसाद द्यायचा असला, तर दुसऱ्या प्रतिसादाला उशीर होतो. खुणा जितक्या जवळ, तितका उशीर जास्त. पुढे हॅरल्ड पॅशलर यांनी अडचण नेमकी कुठे आहे ते दाखवलं. पाहणं-ऐकणं बरंचसं एकदम चालू शकतं, हातपायही एकदम हलू शकतात. खोळंबा होतो तो मधल्या ‘आता काय करायचं’ हे ठरवण्याच्या टप्प्यावर. गावातल्या जुन्या अरुंद पुलासारखं आहे हे. अलीकडे रस्ता रुंद, पलीकडे रुंद, पण पुलावरून एका वेळी एकच गाडी जाणार.

मग खाप्रुमामा पर्वतकरांचं काय?

हा प्रश्न गोव्यातच विचारला जातो आणि मला तो फार आवडतो. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर दोन्ही हातांनी, पायांनी आणि तोंडाने एकाच वेळी वेगवेगळे ताल धरत अशी त्यांची ख्याती आहे. गाण्यातली जुनी माणसं आजही हे सांगताना आवाज खाली आणतात.

आपल्यासारख्यांचे हात एकमेकांना सोडत नाहीत. दोन्ही तर्जन्या समोर धरा आणि गाडीच्या वायपरसारख्या एकाच दिशेने डावी-उजवीकडे हलवा. आता वेग वाढवत न्या. एका ठरावीक वेगाला बोटं तुम्हाला न विचारता आरशातल्यासारखी हलू लागतील, दोन्ही आत, दोन्ही बाहेर. स्कॉट केल्सो यांनी १९८४ मध्ये हे मोजून दाखवलं. एका हाताने वर्तुळ आणि दुसऱ्याने उभी रेघ काढायला गेलात तर वर्तुळ चपटं होतं आणि रेघ फुगते. ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला जोड शस्त्रक्रियेने तोडलेला होता, अशा काही रुग्णांना मात्र दोन हातांनी दोन वेगळ्या आकृत्या सहज काढता आल्या. म्हणजे एका हाताची आखणी दुसऱ्या हाताकडे गळते ती त्या जोडातून.

मग दोन ताल जमतात कसे? वादकांवर झालेल्या प्रयोगांतून दिसतं, की कसलेला माणूस मनात दोन वेगळी घड्याळं चालवत नाही. दोन्ही मिळून एकच गुंफण तो धरतो. तीनताल १६ मात्रांचा, झपताल १० मात्रांचा. दोन्हींची सम, म्हणजे पहिली मात्रा, एकत्र पडते ८० व्या मात्रेनंतर, तीनतालाची पाच आणि झपतालाची आठ आवर्तनं झाली की. ज्याला तो ८० मात्रांचा अख्खा गोफ दिसतो, त्याच्यासाठी ते एकच काम असतं. तो गोफ दिसायला आयुष्य घालवावं लागतं, म्हणून तर खाप्रुमामांचं नाव अजून घेतलं जातं.

अष्टावधानी माणूस म्हणजे तरी काय?

अवधानाच्या परंपरेत आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, कवीला आळीपाळीने गुंतवतात. कुणी समस्या, म्हणजे कवितेत पुरी करायची ओळ, देतो, कुणी मध्येच विषयांतर करतो, कुणी घंटा वाजवतो आणि ती किती वेळा वाजली ते शेवटी सांगायचं असतं. आठही गोष्टींवर एकाच क्षणी लक्ष असतं असं कुणी समजू नये. लक्ष एकीकडून दुसरीकडे झरझर जातं, आणि परत येताना सोडलेलं टोक अचूक सापडतं, कारण ते टोक कुठे अडकवून ठेवायचं याची घडी वर्षानुवर्षांच्या पाठांतराने बसलेली असते. आपण कामं बदलतो तेव्हा आपलं टोक हरवतं. स्वयंपाकघरातून फोन घ्यायला गेलो की दूध उतू जातं ते म्हणूनच.

डोक्यात एका वेळी किती गोष्टी राहतात?

जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास हा आकडा दिला आणि तो जगभर पसरला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळा पुरावा पुन्हा चाळला आणि सांगितलं, की मनातल्या मनात घोकायला आणि गट बांधायला वाव दिला नाही तर आकडा चारच्या आसपासच येतो. माझ्या अनुभवाला चारच जवळचा वाटतो. व्यायाम समजावताना मी एका वेळी तीनच सूचना देते. चौथी दिली की पहिली गेलेली असते.

पण चार म्हणजे चार काय? अंक म्हणाल तर चार अंक, पण पाठ असलेले गट म्हणाल तर चार गट. पणजीचा ०८३२ हा कोड इथल्या माणसाला चार अंक वाटतच नाही, ती एकच वस्तू झालेली असते. अमेरिकेत एका विद्यार्थ्याने सुमारे २३० तास सराव करून एकदा ऐकलेले ७९ अंक क्रमाने सांगण्यापर्यंत मजल मारली. तो धावपटू होता आणि अंकांना शर्यतीच्या वेळांचं रूप द्यायचा. हे संशोधन १९८० मध्ये छापून आलं. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की अंकांऐवजी अक्षरं दिल्यावर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. त्याची झोळी मोठी झाली नव्हती, त्याला फक्त अंकांच्या जुड्या बांधता येऊ लागल्या होत्या. ‘स्मरणशक्ती वाढवणारे’ खेळ विकत घेण्यापूर्वी हा निकाल ध्यानात ठेवा.

अजून एक प्रयोग. कुणाला तरी सात अंक वाचून दाखवायला सांगा आणि ते ऐकताना, लक्षात ठेवताना तुम्ही ‘राम राम राम’ असं पुटपुटत राहा. नेहमीपेक्षा कमी अंक आठवतील. ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या, म्हणजे काम चालू असताना लागणाऱ्या तात्पुरत्या आठवणीच्या, कल्पनेत मनातल्या मनात घोकण्याची एक वेगळी सोय आहे. ‘राम राम’ ती अडवून ठेवतो. पाहिलेल्या जागा आणि आकार धरून ठेवण्याची सोय वेगळी, म्हणून ओठ बोलत असतानाही अंगणातल्या वस्तू कुठे ठेवल्या ते आठवतं.

आतल्या खोलीत गेले आणि कशाला आले तेच विसरले. हे वयामुळे का?

बहुतेक वेळा यात वयाचा दोष नसतो. १९५९ मध्ये पीटरसन दांपत्याने तरुण विद्यार्थ्यांना फक्त तीन अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि लगेच तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं. १८ सेकंदांनी दहातल्या जेमतेम एका खेपेला ती धड आठवली. तुम्ही कात्री आणायला निघालात आणि वाटेत सुनेने विचारलं, ‘आई, नारळ किती फोडू?’ त्या एका प्रश्नाने कात्रीची जागा घेतली. वस्तूचं नाव मोठ्याने म्हणत जा, बऱ्याचदा एवढं पुरतं. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशांचा नेहमीचा हिशेब न लागणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं, असं होत असेल तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

जत्रेच्या गोंगाटातही आपलं नाव कसं ऐकू येतं?

कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये दोन कानांना दोन वेगळी भाषणं ऐकवली आणि एकच मोठ्याने म्हणायला सांगितलं. दुसऱ्या कानातल्या भाषणातलं जवळजवळ काहीच लोकांना सांगता आलं नाही, आवाज पुरुषाचा होता की बाईचा एवढं मात्र कळलं. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं नाव घातलं. सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आलं, बाकीच्यांना आलं नाही. तेव्हा जत्रेत हाक मारूनही कुणी वळलं नाही तर राग धरू नका.

फोन हातात नाही, कानाला इअरफोन आहे. मग स्कूटर चालवताना बोललं तर काय बिघडलं?

या प्रश्नावर मी नेहमीच लांब बोलते, कारण या बोलण्याचे परिणाम माझ्याकडे उपचाराला येतात.

मोटार वाहन कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती हातात धरलेल्या उपकरणाचं नाव घेते. त्यावरून लोकांची समजूत झाली, की घोटाळा हातात आहे, हात मोकळा झाला की झालं. टोरोंटोमध्ये फोन असलेल्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोन नोंदी तपासल्या गेल्या. १९९७ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षानुसार फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका न बोलतानाच्या सुमारे चौपट होता, आणि हात मोकळे ठेवणारे फोन जास्त सुरक्षित असल्याचं काही दिसलं नाही. डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम रस्त्यावर गाडी चालवायला लावून तेच तपासलं. बोलणारे चालक रस्त्याकडेच्या फलकांकडे पाहत होते, नजर फलकावर टेकलेली यंत्राने टिपली होती, आणि तरीही नंतर तो फलक त्यांना ओळखता येत नव्हता.

‘मला दिसलंच नाही हो’ असं म्हणणारा चालक खोटं बोलत असेलच असं नाही. डोळ्यांनी पाहिलं, पण मेंदूतल्या त्या अरुंद पुलावर तेव्हा दुसरी गाडी होती.

हिशेब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. ब्रेक दाबायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आमच्या वाड्यांतून जाणाऱ्या रस्त्यावर आठ मीटरांत एक वळण, एक गाय आणि शाळेतून सुटलेली दोन मुलं मावतात.

‘मला जमतं’ म्हणणाऱ्यांसाठी: २०१० मध्ये स्ट्रेयर आणि वॉटसन यांना २०० जणांत असे लोक सापडले, ज्यांचं गाडी चालवणं आणि आकडेमोड दोन्ही एकदम करूनही काही बिघडलं नाही. त्यांचं प्रमाण अडीच टक्के होतं, म्हणजे पाच माणसं. आपण त्या पाचांतले आहोत असं गृहीत धरून मुलाला मागे बसवू नका.

पायलट, म्हणजे आमचे मोटारसायकल टॅक्सीवाले, तर मागच्या गिऱ्हाइकाशी बोलत बोलत गाडी नेतात. ते कसं चालतं?

मागे बसलेल्याला रस्ता दिसतो. समोरून कदंबा बस आली की तो आपोआप गप्प होतो, कधी ‘सांभाळून रे’ही म्हणतो. फोनवरच्या माणसाला बस दिसत नाही, तो उत्तराची वाट बघत राहतो. प्रयोगांतही सोबत बसलेल्याशी बोलण्याचा त्रास फोनपेक्षा कमी आढळला आहे.

वयस्क माणसं चालताना बोलायला लागली की थांबतात. सवय म्हणायची का?

तुम्ही हे टिपलंत याबद्दल तुमचं कौतुक. या थांबण्याला फार महत्त्व आहे.

माझी आई ७४ वर्षांची. तिन्हीसांजेला ती हातात दिवा घेऊन सोप्यावरून तुळशीकडे जाते. तीन पायऱ्या, चिऱ्याच्या, पावसाळ्यात शेवाळलेल्या. एका संध्याकाळी मी आतून विचारलं, ‘आई, गॅस बंद केलास ना?’ ती दुसऱ्या पायरीवर थबकली. एक पाय वर, एक खाली, दिवा एका हाताने झाकलेला. क्षणभर विचार केला, ‘केला गो’ म्हणाली, आणि मग पुढचा पाय टाकला. रोज रुग्णांच्या घरी जाऊन मी हेच बघते, आणि माझ्याच घरात मी तिला पायरीवर प्रश्न विचारत होते.

स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ मध्ये देखरेखीच्या निवासात राहणाऱ्या ५८ वृद्धांना चालता चालता बोलतं केलं. १२ जण बोलायला लागताच थांबले. त्या १२ पैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. तरुणपणी चालणं जवळजवळ फुकटात होतं. वय वाढलं, दृष्टी मंदावली, तळपायाची जाण कमी झाली, गुडघे धरले, की त्याच चालण्याला लक्ष मोजावं लागतं. पार्किन्सनमध्ये तर हे फारच ठळक दिसतं. चालण्याची आपसूक गती बिघडल्यामुळे प्रत्येक पाऊल मुद्दाम टाकावं लागतं, आणि कुणी बोललं की पावलं बारीक होत होत गोठतात.

जो थांबतो, तो एका अर्थी शहाणपणा करतोय, चालणं आणि बोलणं एकदम झेपत नाही हे त्याच्या शरीराला कळलंय. त्याला घाई करू नका. पायरीवर, ओल्या फरशीवर, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर काही विचारू नका. हातात भरलेलं भांडं देऊ नका. आमच्या पायऱ्यांना आता एका बाजूने कठडा आहे, दर आठवड्याला चिरा खराट्याने घासला जातो, आणि गॅसची चौकशी आई खुर्चीवर बसल्यावर होते.

हे घरी तपासता येईल का?

साधी चाचणी आहे. हात असलेल्या खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं, बसायचं. वेळ मोजा. मग तेच पुन्हा, १०० पासून तीन-तीन वजा करत. आकडेमोड नकोशी वाटणाऱ्यांना मी भाज्यांची किंवा गावांची नावं सांगायला लावते. थोडा वेळ वाढणं ठीकच आहे. फार वाढला, पावलं डगमगली, किंवा माणूस थांबला, तर फिजिओथेरपिस्टकडे या. चाचणीच्या वेळी एकाने अगदी जवळ, हात पोचेल इतक्या अंतरावर उभं राहायलाच हवं.

मुलगा गाणी लावून अभ्यास करतो. करू द्यावं?

पाठांतर करायचं असेल तर शब्द असलेलं गाणं बंद. कानावर पडणारं बोलणं, ते न कळणाऱ्या भाषेतलं असलं तरी, क्रमाने लक्षात ठेवण्यात ढवळाढवळ करतं, हे १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसून आलंय. दिवाणखान्यातल्या मालिकेलाही हेच लागू. सुबक अक्षरात वही उतरवणं, नकाशा रंगवणं अशा वेळी गाणं चाललं तरी बिघडत नाही.

मैदानावर सराव छान होतो, सामन्यात पाय जड होतात. असं का?

गोव्यात हा प्रश्न फुटबॉलपटूंकडून येणारच. सियान बाइलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये खेळाडूंना शंकूंमधून चेंडू न्यायला लावला. एकदा कानावर पडणाऱ्या शब्दांवर लक्ष ठेवायला सांगितलं, एकदा चेंडूला पायाची कोणती बाजू लागतेय ते बघायला सांगितलं. अनुभवी खेळाडू उजव्या पायाने खेळताना शब्द ऐकत असूनही चांगले होते, पण पायाकडे लक्ष द्यायला लावल्यावर मंदावले. नवख्यांचं उलट झालं. आणि त्याच अनुभवी खेळाडूंना डाव्या पायाने खेळायला लावलं की तेही नवख्यांसारखेच वागले.

म्हणजे पायात बसलेल्या गोष्टीत सामन्याच्या दडपणाखाली डोकं घातलं की घडी विस्कटते. पेनल्टी मारताना घोट्याचा विचार करू नका, जाळीतला तो एक कोपरा बघा. पण लहान मुलांच्या प्रशिक्षकांनी हे वाचून ‘विचार करू नको’ असं नवशिक्याला सांगू नये. त्याला विचाराचीच गरज आहे.

मग एखादी गोष्ट हातात बसायला काय करावं?

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये तीन टप्पे सांगितले. आधी माणूस प्रत्येक पायरी मनात म्हणतो, मग पायऱ्या एकमेकींना जोडल्या जातात, शेवटी काम आपसूक होतं. मधला टप्पा सर्वांत लांब आणि कंटाळवाणा असतो, आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणाऱ्या रुग्णाला मी आधी शांत खोलीत, मग बोलत बोलत, मग अंगणातल्या खडबडीत जमिनीवर चालवते. क्रम उलटा केला की भीती बसते, आणि ती काढायला महिने जातात.

आजीला आमची नावं आठवत नाहीत, पण नेवऱ्यांना (करंज्यांना) मुरड अजून घालते. हे कसं शक्य आहे?

हेन्री मोलायसन नावाच्या अमेरिकन माणसावर १९५३ मध्ये अपस्मारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्याची नवी आठवण धरण्याची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला, मात्र हे आपण आधी कधी केलंय हे त्याला एकदाही आठवलं नाही. हाताचं शिकणं आणि घडलेल्या गोष्टींची आठवण मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहते, हे त्यातून कळलं. हाताच्या शिकण्याचा भार लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांवर असतो. स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या प्रकारात ती बराच काळ शाबूत राहतात.

माझ्या एका रुग्ण आजींना चवथीच्या आधी सून विचारत राहिली, ‘कशी घालायची ती मुरड, आठवतं का?’ आजी गोंधळल्या, डोळे भरून आले. मग सुनेने सारण भरलेली एक नेवरी नुसती त्यांच्या तळहातावर ठेवली. अंगठा कडेवर गेला, तर्जनीने पीठ दुमडलं, आणि कड दोरीसारखी वळत गेली. तेव्हा आजीला कृती विचारू नका. पाट मांडा, शेजारी बसा, एकेक नेवरी पुढे करा, आणि तिचं बोट चालू असताना तिला नावं ओळखायला लावू नका.